आजचा साठा चार अंडी

जुलै महिन्यात महाराष्ट्रातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, तीन नावं एका ओळीत सापडतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. प्रत्येकापुढे मिलिमीटर. या सवयीमुळे कोयनानगरच्या माणसाला मोघम बोलता येत नाही. पाऊस कसा आहे असं विचारलं तर पुण्याचा माणूस रस्त्यातले खड्डे सांगतो, चिपळूणचा नुसते हात जोडतो, आमचा माणूस ‘सकाळी आठपर्यंत एकशे बासष्ट’ म्हणतो आणि वर ‘नवज्याला जास्त आहे’ अशी पुस्ती जोडतो. नवज्याला बहुधा जास्तच असतो. ही आमची जुनी सल आहे.

आमचं गावच आकड्यांवर उभं आहे. 1964 साली पूर्ण झालेलं धरण, उंची 103 मीटर, साठवण 105.25 टीएमसी, वक्र दरवाजे सहा. वर्षसुद्धा आमचं वेगळं. लोकांचं पाडव्याला नाहीतर 1 जानेवारीला बदलतं, कोयनेचं तांत्रिक वर्ष 1 जूनला सुरू होतं. अशा ठिकाणी पाटबंधारे खात्याच्या नोंदवह्या भरता भरता केस पिकलेला माणूस निवृत्त झाला आणि त्याने कोंबड्या पाळल्या तर काय होतं, ते मी कुंपणावरून रोज बघतो. कुंपणापलीकडे अण्णा राहतात.

निवृत्तीनंतर माणसाला देऊळ, सोसायटीची निवडणूक आणि मोबाईल असे तीन मार्ग मोकळे असतात. अण्णांनी तिसरा धरला. ‘परसात दहा कोंबड्या, घरबसल्या उत्पन्न’ अशा नावाचे व्हिडिओ ते वही घेऊन बघू लागले. त्या व्हिडिओंत पाऊस कधीच पडत नाही. कोंबड्या कोवळ्या उन्हात हिरवळीवर फिरतात आणि मागे बासरी वाजते. आमच्याकडे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. हिरवळ रगड आहे, तिच्यावर उभं राहायला कोंबडीला उघडीप मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

आधी जातीचा अभ्यास झाला. कडकनाथ पहिल्याच फेरीत बाद. पक्षी उत्तम, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. पिसं काळी, मांस काळं, 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालेलं. पण सातारा-सांगलीत कडकनाथ म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो. 2019 साली इस्लामपूरकडून जे प्रकरण उघडकीला आलं, त्यातली योजना ऐकायला फार गोड होती. पैसे भरा, पिल्लं घ्या, वाढवा, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने उचलू. पिल्लं आली, वाढली, उचलणारे मात्र फिरकले नाहीत. शेकडो शेतकऱ्यांच्या दारात काळ्या कोंबड्या खाद्य मागत उभ्या राहिल्या. पक्षी काळा होताच, व्यवहारही त्याच रंगाचा निघाला.

मग बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादची वनराज. दोन्ही गावरानपेक्षा लवकर भरतात, अंडीही जास्त देतात, पण खुडूक बसायचं फारसं मनावर घेत नाहीत. गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंड्यांवर थांबते, मात्र स्वतः अंड्यांवर बसते, पिल्लं काढते आणि सांभाळते. लेअर फार्मवरची पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या पुढे जाते, हे वाचल्यावर अण्णांनी गावरानसमोर ‘क्षमतेचा अपुरा वापर’ असा शेरा मारला.

निकाल दिला तो वाडीवरच्या मावशींनी. मावशी दूध घालायला येतात आणि जाताना मत देऊन जातात. त्या म्हणाल्या, “आवं अण्णा, पळता येतंय ती कोंबडी घ्या. हितं कोंबडी समद्यांस्नीच आवडती. मुंगसाला आवडती, घारीला आवडती, बिबट्याला बी आवडती.” निकष शास्त्रशुद्ध होता. पाटणच्या बाजारातून सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आला.

खुराड्याचा आराखडा तोवर तयार होता. समोरून, बाजूने आणि छेद घेऊन, अशी तीन चित्रं. सोबत अंदाजपत्रक, त्यावर काकूंची प्रशासकीय मान्यता. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पाटबंधारे प्रकल्पाचं पुढे जे होतं ते याचंही झालं. पहिल्याच वळवात पाणी पश्चिमेकडून आडवं आत शिरलं, म्हणून पश्चिमेची बाजू पत्र्याने बंद केली. काकूंकडून सुधारित प्रशासकीय मान्यता. हिला खात्यात लाडाने सुप्रमा म्हणतात. मग भाताच्या तुसाची गादी भिजली. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू माजतात, म्हणून जमीन चार खांबांवर दोन फूट उचलली. दुसरी सुप्रमा. उचललेल्या जमिनीखाली मुंगूस ऐसपैस वावरू लागलं, म्हणून खाली बारीक जाळी. तिसरी सुप्रमा. खर्च मूळ अंदाजाच्या अडीचपट झाला तेव्हा काकूंनी लाभ-व्यय गुणोत्तर विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात अण्णांकडून त्या एवढं तरी शिकल्या होत्याच.

खुराडं पूर्ण झालं त्या संध्याकाळी लाभार्थी फणसाच्या झाडावर जाऊन बसले. सातच्या सात. झाडावर बसणं हा कोंबडीचा रानातला जुना वहिवाटी हक्क आहे, त्याची तरतूद आराखड्यात नव्हती. अण्णा खाली बॅटरी घेऊन उभे, वरून एकेक डोळा त्यांच्याकडे बघतोय. मावशी म्हणाल्या, “मिट्ट अंधार होऊ द्या, मग उतरवा. रातच्याला कोंबडीला दिसत न्हाय. काढायची आन् डालग्याखाली डालायची.” डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. तिला छेद नाही, अंदाजपत्रक नाही, सुप्रमा नाही. तीन दिवस डाललेल्या कोंबड्या चौथ्या संध्याकाळी आपण होऊन खुराड्यात शिरल्या. प्रकल्पाचं लोकार्पण झालं, असं आम्ही मानलं.

त्यानंतर ज्येष्ठता यादी लागली. ही यादी अण्णांनी केली नाही, कोंबड्यांनी केली. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एबे नावाच्या माणसाला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. कोण कुणाला टोचतं हे तो टिपत गेला आणि 1922 साली त्याने ते शास्त्रात मांडलं. एकमेकींना ओळखणाऱ्या कोंबड्यांत टोचण्याचा क्रम ठरलेला असतो. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची फक्त सहन करते. जगाने याला फार मोठा शोध मानलं. अण्णांनी खात्यात पस्तीस वर्षं काढलेली, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे शेवटची रोजंदारीवर आहे.” तिला दाणे वेगळे टाकायचा त्यांनी प्रयत्न केला. ज्येष्ठ कोंबडी धावत आली, तिने दाणे जप्त केले आणि कनिष्ठेला परस्पर संपर्क साधल्याबद्दल टोचलं.

कोंबडा या यादीच्या बाहेर. त्याचं काम आरवणं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की कोंबडा उजाडलेलं बघून आरवत नाही, त्याच्या शरीरातच घड्याळ असतं. अंधुक उजेडात ठेवला तरी तो वेळेला आरवतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे माहीत होतं. झाकलेलं कोंबडं ओरडायचंही राहत नाही, ही जपानची भर. आमच्या कोंबड्याचं घड्याळ तांबडं फुटायच्या बरंच पुढे लावलेलं आहे. अण्णा त्याच्या वेळा टिपतात. मला टिपायची गरज पडत नाही, मी जागाच असतो.

त्याच्या आरवण्याला कधीकधी पलीकडच्या रानातून उत्तर येतं. ते राखाडी रानकोंबड्याचं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली झाला, पण हे महाशय त्याच्या कितीतरी आधीपासून इथले रहिवासी आहेत. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, तो उत्तरेचा आणि पूर्वेचा. मात्र कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग आला तो राखाडी रानकोंबड्याच्या वाणाकडून, असं स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली जनुकं तपासून सांगितलं. म्हणजे जगातल्या कुठल्याही बाजारात पिवळ्या तंगडीची कोंबडी लटकत असेल, तर त्या रंगाचे नातेवाईक आमच्या कुंपणाबाहेर ओरडतायत. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी आपल्या कोंबड्यांचे पाय तपासून वहीत ‘चार पिवळे, दोन काळपट, कोंबडा पळाला’ अशी नोंद केली.

आता भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी इथे जे झालं, त्याबद्दल गावात कुणी थट्टेने बोलत नाही. त्यानंतरचे बारीक धक्के मात्र घरातलेच झाले आहेत. भांडी वाजली की माणसं पंख्याकडे बघतात, पंखा हलला असेल तर आकडा किती असेल यावर पैज लागते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सौम्य धक्का, धरण सुरक्षित’ असं येतं. प्राण्यांना भूकंप आधी कळतो असं अण्णांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे कोंबड्या घाबरल्याची वेळ, उजवीकडे धक्क्याची. काही महिन्यांत डावा रकाना वहीच्या शेवटच्या पानावर पोचला. कोंबड्या घारीला घाबरल्या, बादलीला घाबरल्या, काकूंच्या नव्या साडीला घाबरल्या, पडलेल्या फणसाला आणि नंतर फणस नाही म्हणूनही घाबरल्या. उजव्या रकान्यात एकच धक्का आला. तो रात्री झाला आणि तेव्हा सातही जण गाढ झोपलेले होते. अण्णांनी तटस्थपणे लिहिलं: ‘खुराडं सुरक्षित.’

खरा घोळ अंड्यांच्या मोजणीत झाला. अण्णांना सकाळी आठचं रीडिंग लागतं. कोंबडीला एक अंडं तयार करायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला. त्यामुळे आज सातला घातलेलं अंडं उद्या आठला, परवा नऊला, असं पुढे सरकत जातं. दुपार उलटू लागली की ती एक दिवस सुट्टी टाकते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. उजेडाचंही आहे. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाचे चौदा ते सोळा तास उजेड हवा. आमच्याकडे आषाढात दुपारी बाराला दिवा लावून भाजी निवडतात. साठा घसरत गेला. पाऊस जितका जास्त तितका साठा कमी, हे कोयनेत प्रथमच घडत होतं. अण्णा बेचैन झाले.

त्यात गळती. एक कोंबडी अंडं घातल्याची द्वाही सगळ्या आळीत फिरवायची, पण अंडं खुराड्यात नसायचं. अण्णांनी पाठलाग केला, पोटावर झोपून टेहळणी केली, गळतीचं प्रमाण टक्केवारीत काढलं. ती माझ्या लाकडांच्या खोपीत जाते हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे अधिकृत विचारणा झाली नाही, म्हणून मी निवेदन केलं नाही.

उरलेल्या साठ्याच्या वाटपावरून तंटा उभा राहिला. कोयनेचं पाणी कसं वाटायचं हा प्रश्न लवादापर्यंत गेलेला आहे. त्यातलं 67.5 टीएमसी पश्चिमेला वळवून पोफळीकडे वीज करायची, बाकीचं पूर्वेला शेतीसाठी. अण्णांची लेक पश्चिमेला चिपळूणला, मुलगा पूर्वेला कराडला. कुंभार्ली घाटातून येणाऱ्या एसटीबरोबर लेकीचा निरोप यायचा, ‘गावरान अंडी पाठवा’. कराडहून सुनेचा फोन, ‘यांना डॉक्टरांनी अंडी खायला सांगितलीत’. अण्णांनी पूर्व-पश्चिम कोटा ठरवायला घेतला. काकूंनी निकाल दिला की सगळ्या जलधोरणात पिण्याच्या पाण्याला पहिलं प्राधान्य असतं, आणि फोडणी घातलेली अंडी त्यांनी दुपारी पानात वाढली. त्या दिवशी वहीत ‘आजचा साठा चार अंडी’ लिहून खोडलेलं आहे.

मग श्रावणात एक कोंबडी खुडूक झाली. अंगाची पिसं फुलवून, भलत्याच आवाजात पुटपुटत ती टोपलीत बसली. मावशींनी पेंढ्यावर अकरा अंडी मांडून दिली. एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांची ऊब लागते, म्हणून अण्णांनी आईपासून वेगळी करून त्यांच्यावर बल्ब टांगला. त्याच रात्री वाऱ्याने झाड तारेवर पडलं. 1,960 मेगावॉटचा प्रकल्प उशाशी आणि पिल्लांसाठी 60 वॅट नाहीत, अशी परिस्थिती आली. काकूंनी अंधारात पिल्लं उचलली आणि गुपचूप कोंबडीच्या पोटाखाली सारली. तिच्याकडे भारनियमन नसतं.

नऊ पिल्लांबरोबर लसीकरण आलं. मानमोडी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत राणीखेत, वाडीत शिरली की खुराडीच्या खुराडी मोकळी करते. मावशींनी हे तीनदा पाहिलं होतं आणि त्या ते ‘वारं आलं’ एवढ्या दोन शब्दांत सांगायच्या. व्हिडिओतली बासरी या विषयावर गप्प होती. वाडीतल्या कोंबडीला खर्च नाही हे खरं. ती सांडलेली कणी खाते, गोठ्यातले किडे खाते, काही मागत नाही. पण निम्मी पिल्लं घार आणि मुंगूस नेतात आणि उरलेली एखाद्या वर्षी वारं नेतं. अण्णांच्या वहीला इथे पहिल्यांदा काम मिळालं. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालायचा, तारखेला घालायचा, आणि तारखा पाळणं हा अण्णांचा पिंडच आहे.

अडचण एवढीच की लासोटाची लहानात लहान कुपी शंभर मात्रांची निघाली. बर्फातून आणायची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. अण्णांकडे सात मोठे, नऊ लहान, एकूण सोळा. डॉक्टर म्हणाले, मोठ्यांनाही चालते. तरी शिल्लक चौऱ्याऐंशी मात्रा. शिल्लक साठा मातीत ओतून द्यायचा, हे अण्णांच्या रक्तात नाही. ज्या माणसाने तोवर कुणाच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं, तो थर्मास काखेत मारून तिन्हीसांजेला वाडीवर चढला. मावशी पुढे, अण्णा मागे, त्यांच्या मागे वही धरून मी, कारण पाऊस होता आणि छत्रीही मलाच धरायची होती.

कोंबड्या अंधार पडताना धरायच्या, हे आता त्यांना माहीत होतं. दारोदार एकच संवाद. “किती आहेत?” “असतील आठ-धा.” “आठ की दहा?” “आता मोजायच्या व्हय?” अण्णांना हे असह्य होतं. चौकटीवर, माळ्यावर, जात्याच्या आडोशाला बसलेली कोंबडी कुणीतरी धरायची, अण्णांनी थेंब सोडायचा, मी काडी मारायची. एका घरात सासूने आपल्या सगळ्या धरून दिल्या आणि सुनेच्या दोन लपवल्या. सुनेने नंतर परड्यात सासूच्या नकळत थेंब मागून घेतला. कोंबडी घरातल्या बाईची असते, तिच्या अंड्यांचे पैसे पुरुषांच्या हिशेबात धरत नाहीत, आणि घराघरातली ही दुहेरी नोंद शासनाच्या कुठल्याच पशुगणनेत सापडायची नाही. अण्णांनी तिच्यासाठी मुकाट्याने वेगळं पान काढलं. दोन तासांच्या आत कुपी संपली. व्हिडिओत दहा कोंबड्या एकट्या माणसाच्या असतात. लस मात्र वाडी धरूनच बनवलेली आहे.

तेव्हापासून अण्णा बदलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वहीत आता अख्खी वाडी आली आहे, एवढंच. लसीचे पैसे ते घेत नाहीत, त्यामुळे घराघरातून अंडी येऊ लागली, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांचा साठा पहिल्यांदाच क्षमतेच्या वर गेला. फ्रिजचं दार लागेना. अण्णांनी चिपळूणला आणि कराडला एकाच वेळी फोन करून विसर्ग सोडत असल्याची कल्पना दिली आणि दोन्हीकडच्या पातेल्यांना सतर्क राहायला सांगितलं. चार अंडी कुंपणावरून माझ्याकडेही आली. गळतीसकट माझा कोटा बरा चालला आहे.

परवा 1 जून झाला. तांत्रिक वर्ष बदललं, अण्णांनी नवी वही घातली. पहिल्या पानावर वार्षिक लक्ष्य, महिनावार विभागणी आणि पावसाळ्यातली तूट भरून काढायची उपाययोजना असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि दूध घेऊन आलेल्या मावशींना ते उभं राहून वाचून दाखवलं. मावशींनी दुधाचं माप खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

“झ्याक लिवलंय,” त्या म्हणाल्या. “कोंबड्यास्नी वाचून दावलं का?”